दोन सूत साल

९ मे

प्रिय धाकटीस,

तुझं पत्र मिळालं. फोन कर म्हणतेस. अगं, डावा कान बाबांनी लहानपणीच निकामी केला आणि उजव्यावर चोवीस वर्षं लेथची घरघर चालू आहे. फोनवर मला निम्मं ऐकू येतं, उरलेलं मी मनाने भरतो आणि मग भांडण होतं. त्यापेक्षा पत्र बरं.

इथे सगळं ठीक. परसातले दोन्ही पेरू लगडलेत, लिंबू बारमाही चालू आहे, डाळिंब आणि अंजीर धरलंय. बाजारातून फळ आणायचं नाही हा या घरचा कायदा अजून मोडलेला नाही. फक्त बाबांची नासपती. मरायच्या आदल्या वर्षी त्यांनी बांधलेलं शेवटचं कलम, म्हणून मी लाडाने लावलं. नऊ वर्षं झाली. दोन फांद्या दोन बाजूंना पसरून उभी आहे फुकट खायला, फूल म्हणून नाही. परवा कुऱ्हाडीची मागची बाजू तिच्या खोडावर तीनदा आपटली आणि तोंडावर सांगितलं, येता बहार शेवटचा. नाही फुललीस तर मुळापासून. तुझी वहिनी म्हणते झाडाला ऐकू येत नाही. म्हटलं, मलाही येत नाही, आमचं जमेल.

शेजारचा घड्याळजी डोक्यात जातो. म्हणे नासपतीच्या मुळांनी त्याचं गटार फोडलं, पानं त्याच्या टाकीत पडतात. मागच्या महिन्यात भिंतीवर आलेली माझ्या अंजिराची फांदी त्याने कापली. मी त्याच्या दुकानाच्या काचेवर पेरू मारला. कच्चा होता, काच गेली. मग भर रस्त्यात ओरडला, "ते झाड एक दिवस मीच मारीन." म्हटलं, हात तर लावून बघ.

तुझी रोपवाटिका कशी आहे? बाबांची सुरी वापरतेस ना?

तुझा,
दादा


११ मे

प्रिय धाकटे,

वन्सं म्हटलं की चिडतेस म्हणून धाकटे. तुझ्या दादांच्या पत्रापाठोपाठ हे टाकतेय, त्यांना ठाऊक नाही.

नासपतीचं त्यांनी लिहिलंच असेल. ते गमतीत लिहितात, पण करताना गंमत नसते. गेल्या रविवारी कुऱ्हाड आपटली तेव्हा मी मध्ये गेले, तर ताट भिरकावलं. लागलं नाही. त्याआधीचं लागलं होतं, कपाळावर केसांच्या रेषेत खूण आहे, भांग बदललाय. त्या झाडासमोर उभे राहिले की त्यांना तुमचे बाबा दिसतात बहुतेक. आणि ज्या दिवशी ते झाड पडेल त्या दिवशी त्यांच्या हातातली कुऱ्हाड तिथेच थांबेल असं मला वाटत नाही. मला त्या कुऱ्हाडीची भीती वाटते, सरळच सांगते.

तू एकदा म्हणाली होतीस, आडमुठ्या झाडाला फुलवायची युक्ती असते. ती मला सांग. मी करीन.

तुझी,
वहिनी


१७ मे

प्रिय वहिनी,

युक्ती आहे आणि अघोरी आहे. झाडाला जरा मरणाची भीती दाखवायची. फांदीची साल गोलाकार काढायची, बांगडीसारखी. पानांनी केलेलं अन्न मग मुळांकडे उतरत नाही, फांदीतच अडकतं आणि फांदी पुढच्या वर्षी फुलावर येते. दोन-तीन महिन्यांत जखम भरून निघते.

पण माप चुकवू नकोस. दोन सूत रुंद, म्हणजे पाव इंच, जास्त नाही. सूत म्हणजे काय ते तुला ठाऊक आहेच, दादा भाकरीची जाडीसुद्धा सुतात सांगतो. सुरी धारदार हवी, लाकडात घुसवायची नाही, फक्त साल. वरून प्लास्टिकची पट्टी गुंडाळ. आणि एकाच फांदीला कर. बिघडलं तर दुसरी शिल्लक राहील. घड्याळजीच्या भिंतीकडची फांदी घे, म्हणजे घराच्या दारातून दादाला दिसणार नाही. फुलं आली की आपण दोघी मिळून सांगू, तो हसेल.

आणि ताटाचं. वहिनी, तू इकडे ये ना थोडे दिवस. मी खरंच म्हणतेय.

धाकटी


१९ जून

प्रिय धाकटीस,

अकरा दिवस कोठडीत होतो, म्हणून पत्राला उशीर. घाबरू नकोस, जामीन झालाय. काय झालं ते मीच सांगतो, म्हणजे तुला कुणाकडून तिखटमीठ लावून ऐकायला नको.

तीन जूनला पहिली पाळी करून आलो. अंजिरावर मुंग्या चढल्या होत्या म्हणून भिंतीच्या बाजूने गेलो, तर नासपतीच्या फांदीला पट्टी. सोडली. आत साल गायब! चहूबाजूंनी गोल, खाली पांढरं लाकूड. माझ्या झाडाचा गळा चिरला होता गं. पिशवीत कारखान्यातला मापाचा व्हर्नियर होता, लावून बघितला. बरोबर दोन सूत, सगळीकडे सारखं, केसाचा फरक नाही. लेथवर फिरवून काढल्यासारखं. कुऱ्हाडीवाल्याचं हे काम नाही, म्हटलं. असा नाजूक हात आपल्या वस्तीत एकच. आणि पट्टी वर का? तर मला उशिरा कळावं म्हणून.

घड्याळजी त्याच्या आवारात टाकीतली पानं काढत होता. मी हाक मारली. तो भिंतीपाशी आला, उजवा हात भिंतीवर ठेवून म्हणाला, "आता काय फुटलं?" मी मनगट धरलं आणि पिशवीतला पान्हा काढला. तीनदा मारला. पहिल्यांदा तो ओरडला, दुसऱ्यांदा भिंतीच्या कडेचं सिमेंट उडालं, तिसऱ्यांदा हात हातासारखा राहिला नव्हता. तो म्हणत होता, मी नाही, मी नाही. मी म्हटलं, मग दोन सूत कोण काढतो?

त्याची बायको धावत आली, तिलाही मी ढकललं. तुझी वहिनी दारात उभी होती, तोंडावर पदर धरून. एक शब्द बोलली नाही.

पश्चात्ताप झाला का म्हणून विचारशील. नाही झाला. माझी दोन बोटं लेथने नेली तेव्हा मला कुणी विचारलं होतं? झाड मरणार हे नक्की. आता पाडायचीसुद्धा सोय राहिली नाही, पुरावा आहे म्हणे.

तुझा,
दादा


२४ जून

वहिनी,

दादाचं पत्र वाचलं. "दोन सूत" वाचलं आणि तिथेच थांबले. पुढचं वाचायला मला बाहेर ओट्यावर जाऊन बसावं लागलं.

तू गप्प राहिलीस ते बरोबर केलंस. अजून गप्प राहा. आत्ता कळलं तर तो पान्हा तुझ्यावर चालेल. मी दादाला फक्त जखमेला शेण-माती लावायचं लिहिलंय, बाकी काही नाही. होय, भित्री आहे मी. माझी ही पहिली वेळ नाही.

तुला कधी सांगितलं नाही. मी नऊ वर्षांची होते, दादा तेराचा. बाबांनी चाळीस कलमं बांधली होती आणि जोडाच्या खालचे रानटी फुटवे काढायला आम्हाला सांगितलं. मी उलट केलं. खालचे ठेवले, वरचे कापले. चाळीसच्या चाळीस जंगली झाली, सगळी मेहनत पाण्यात. बाबांनी विचारलं, कुणी केलं? मी शेडच्या खांबाआड होते. बाबांनी दादालाच धरला, काठी मोडेपर्यंत मारला. मग हाताने. कानातून रक्त आलं तरी मी खांब सोडला नाही. त्यानंतर तो रोपवाटिकेत पाऊल टाकेना, कारखान्यात लागला, आणि सुरी मला मिळाली.

आता दुसऱ्यांदा माझ्या कापाचा मार दुसऱ्याने खाल्लाय. काय करू, सांग.

धाकटी


८ जुलै

धाकटे,

काय करू म्हणून मला विचारतेस? मी कुणाला विचारू?

रविवारी दुपारी घड्याळजीचे दोन मेहुणे आले. सळ्या होत्या, करवत होती. दादा जेवत होते. ताटावरून ओढत परसात नेलं आणि मारलं. बरगड्या तीन गेल्या, नाकाचं हाड गेलं. मी एकाच्या हाताला चावले, त्याने भिंतीवर आपटलं. मग धाकट्या मेहुण्याने झाडं घेतली. दादांना मानेला धरून बसवून ठेवलं होतं बघायला. आधी डाळिंब, मग लिंबू, अंजीर, दोन्ही पेरू. पेरू कापताना फळं धडाधड पडत होती, ती बुटांनी चिरडली. नासपतीपाशी आले तेव्हा थोरला म्हणाला, "हे राहू दे, हे मेलेलंच आहे. रोज बघून जळू दे त्याला." आता परसात एकटं तेवढंच आहे. आठ दिवस झाले, घरात लिंबूसुद्धा नाही. परवा मी बाजारातून चार केळी आणली, तर दादांनी ती भिंतीवर फेकली.

मला सगळ्यात काय छळतं सांगू? घड्याळजी. त्याचं दुकान अर्धं उघडं असतं. तो काउंटरमागे बसतो, समोर उघडलेलं घड्याळ, डोळ्याला भिंग लावलेलं, आणि हात प्लास्टरमध्ये. नुसता बघत बसतो. डॉक्टर म्हणाले, मूठ वळेल, पण चिमटा धरता येणार नाही. मी रोज त्या दुकानावरून पाणी आणायला जाते. काल तो मला म्हणाला, "ताई, मी खरंच नाही हो केलं." मी म्हटलं, "हं." एवढंच म्हटलं, आणि घरी येऊन स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली.

दादा बरे होईपर्यंत मी थांबते. नंतर नाही थांबणार. खरं सांगून टाकायचंय. तुझ्या तोंडून निघो नाहीतर माझ्या.

वहिनी


२६ फेब्रुवारी

प्रिय धाकटीस,

किती महिने झाले तुझं धड पत्र नाही. दोन ओळी लिहितेस, तब्येत सांभाळ, काळजी घे. मी काय म्हातारा झालोय?

पण बातमी ऐक! नासपती फुलली! अगं, पांढरीशुभ्र, पान दिसत नाही. आणि मजा ऐक, फक्त भिंतीकडची फांदी. ज्या फांदीचा त्याने गळा चिरला तीच. दुसरीवर एक कळी नाही. जखम भरून तिथे नुसती जाड कडी उरलीय, मनगटाला धागा बांधल्यासारखी. म्हणजे बघ, तो मारायला गेला आणि झाड चवताळून फुललं! मार खाल्ल्याशिवाय कुणी सुधारत नाही हे बाबांचं खरंच होतं म्हणायचं. मी कारखान्यात सगळ्यांना पेढ्यासारखी बातमी वाटली.

तुझ्या वहिनीला फुलं दाखवायला बोलावलं तर ती रडायला लागली. आनंदाने असेल. हल्ली ती फार बोलत नाही. मी हात उचललेला नाही हं, बरगड्या मोडल्यापासून एकदाही नाही.

एक मात्र मनातून जात नाही. काल घड्याळजी त्याच्या आवारातून फुलं बघत उभा होता. हात खाली लोंबत होता. मला वाटलं शिवी देईल, पण तो म्हणाला, "छान आहेत." मला नीट ऐकू आलं, उजव्या कानाने. त्याने स्वतःच केलेलं असतं तर असं म्हणाला असता का? तू झाडांतली जाणकार आहेस. साल कापल्याने झाड फुलतं असं कधी असतं का?

तुझा,
दादा


६ मार्च

दादा,

असतं. कलमं बांधणारा प्रत्येक माणूस हे जाणतो. मारण्यासाठी कुणी दोन सूत कापत नाही, वीतभर कापतो आणि खोडावर कापतो. दोन सूत, एकच फांदी, वरून पट्टी, हे झाड फुलवणाऱ्याचं काम आहे. घड्याळजीला यातलं ओ की ठो कळत नाही. माप मी सांगितलं होतं. फांदीसुद्धा मीच सांगितली, भिंतीकडची, तुला दिसू नये म्हणून. हात वहिनीचा होता. तू कुऱ्हाड घेऊन झाडासमोर उभा राहायचास, त्या कुऱ्हाडीला ती घाबरली होती.

तू एका निरपराध माणसाचा हात मोडलास. आणि आम्ही दोघी नऊ महिने बघत राहिलो.

आणखी एक. चाळीस कलमं मी बिघडवली होती. तुझा कान माझ्यामुळे गेला. तीस वर्षं मी हे गिळून बसले.

हे पत्र टाकण्याआधी वहिनीला विचारलंय. तिला म्हटलं, आधी तिथून निघ, मग टाकते. ती म्हणाली, टाक, मी पळून जाणार नाही. दादा, तिच्या अंगाला हात लावलास तर मी तुझी कुणी नाही. राग काढायचा तर माझ्यावर काढ, मी गाडीत बसून येते.

फळं धरली तर चव कशी आहे ते कळव. बाबा त्या जातीची काडी कुठून आणत हे त्यांनी कधीच सांगितलं नाही.

धाकटी


४ ऑगस्ट

प्रिय धाकटीस,

मार्चातल्या पत्राला ऑगस्टात उत्तर देतोय. वहिनी एप्रिलपासून तुझ्याकडेच आहे, तेव्हा तिची बाजू तुला कळली असेल. माझी ऐक, आणि तिलाही वाचून दाखव.

पत्र वाचलं आणि सरळ स्वयंपाकघरात गेलो. हात उचलला होता. लपवत नाही. ती भाजी चिरत होती. तिने सुरी ओट्यावर ठेवली, पातं माझ्याकडे, आणि म्हणाली, "हीच ती. धार तुम्हीच लावून दिली होती. मारायचं तर मारा, पण त्याआधी भिंतीपलीकडे जाऊन या." मला शहाणपण वगैरे सुचलं नाही. तिचा चेहरा बघितला आणि मला शेडच्या खांबाआडचा तुझा चेहरा आठवला, एवढंच. चाळीस कलमांचं तू आज सांगतेस? वेडे, मला त्याच दिवशी ठाऊक होतं. तू डावरी, सगळे काप उलटे होते. बाबांना ते दिसलं नाही, मला दिसलं. म्हणून तर मी तोंड उघडलं नाही. आणि एवढे काप ओळखणाऱ्या मला वहिनीचा काप ओळखू आला नाही, याची चीड येते. सुरी माझी, माप माझं, भाकरीसुद्धा सुतात मोजणारा मी. आणि डोळ्यांसमोर फक्त शेजारी दिसला.

मग पान्हा घेतला आणि घड्याळजीकडे गेलो. सगळं सांगितलं. भिंतीवर उजवा हात ठेवला, आहेत ती तीन बोटं पसरून, आणि पान्हा त्याच्यापुढे केला. त्याने डाव्या हातात घेतला. बराच वेळ घेऊन उभा राहिला. मग मारला. हातावर नाही मारला. नेम चुकला की तसाच होता, मी विचारलेलं नाही. उजव्या कानावर बसला. पुढचं दवाखान्यातलं आठवतं. पोलिसांना पाय घसरून पडलो म्हणून सांगितलं. त्यांचा विश्वास बसला नाही, पण ते गेले.

तर आता दोन्ही कान सारखे झाले. तुझी वहिनी तीन आठवडे उशाशी बसली, मग बॅग भरली. मी अडवलं नाही. परत येईल की नाही ते तिने ठरवायचं, हे खरोखर मनापासून लिहितोय. सुरी तिने नेली ते बरं केलं, मी दुसरी घासून घेतलीय.

फळांचं ऐक. सगळी त्या एकाच फांदीवर, आणि ती ओझ्याने भिंतीपलीकडे वाकलीय. पिकली तेव्हा पहिली नासपती त्याच्या आवारात पडली. तो ती घेऊन भिंतीपाशी आला. मला वाटलं फेकून मारणार. त्याने नासपती माझ्या हातात दिली, आपला मोडका हात दाखवला आणि साल काढल्याची खूण केली. त्याला सुरी धरता येत नाही. त्याची बायको माहेरी गेलीय, मी त्याच्यावर पान्हा चालवला त्यानंतर परतलीच नाही.

तेव्हापासून रोज संध्याकाळी कामावरून आलो की त्याच्याकडे जातो. तो काउंटरमागे बसतो, मी समोर. मी सोलतो, फोडी करतो, तो खातो. साल पातळ निघाली पाहिजे, जाड निघाली तर तो बोट दाखवतो. दोन महिन्यांपूर्वी तुला हे लिहिता आलं नसतं.

चवीचं विचारलं होतंस. मी अजून खाल्लेली नाही, ती फळं माझी नाहीत. गोड असावी. मला ऐकू येत नाही म्हणून त्याने काउंटरवर एक पाटी ठेवलीय, तिच्यावर तो डाव्या हाताने लिहितो, वेडंवाकडं, पहिलीतल्या पोरासारखं. काल खाऊन झाल्यावर त्याने बराच वेळ लावून एक ओळ लिहिली आणि पाटी माझ्याकडे फिरवली.

"आणखी एक सोल."

तुझा,
दादा